पडद्यावर न उमटलेली रेघ

परवा एसटी स्टँडवर एक बाई तान्ह्या बाळाला पायांवर बसवून ‘शूऽऽ’ करत होती आणि मला सोलापुरातली ती एक्स-रेची खोली आठवली. माझ्या तेव्हा सहा वर्षांच्या असलेल्या भाचीची लघवी मूत्राशयातून उलटी मूत्रपिंडाकडे चढायची, त्यामुळे सारखा जंतुसंसर्ग होऊन ताप यायचा. अजूनही चढत असेल, तर ऑपरेशन ठरलेलं होतं. नळीने मूत्राशयात एक्स-रेत दिसणारं औषध भरून तिला टेबलावरच लघवी करायला सांगितलं, तर ती ओठ दाबून पडून राहिली. “हितं न्हाय करणार. मावशी, गादी भिजंल की.” शेवटी बहिणीने तिच्या कानाशी, ती तान्ही असताना करायची तसं, ‘शूऽऽ’ सुरू केलं. पडद्यावर मूत्राशयाचा गोळा हळूहळू आकसला. आदल्या वर्षीच्या तपासणीत त्याच्यातून मूत्रपिंडाकडे एक रेघ चढत गेली होती. या वेळी तिथे काहीच उमटलं नाही. “वाढता वाढता लघवी उलटी जाऊ न देणारी झडप आपोआप घट्ट झालीय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता हे कुणी पुसायचं?” भाचीने विचारलं. भांडल्याशिवाय काही सुधारत नाही, असं मी तेव्हा मोर्चांच्या पत्रकांतून लिहायचे. शाळेतल्या मुलींच्या संडासात पाणी यावं म्हणून आजही भांडते. पण त्या एवढ्याशा पोटात गाजावाजा न करता झालेल्या दुरुस्तीनंतर ते वाक्य पत्रकात पुन्हा लिहिलं नाही.