देवस्थळींनी लावलेला खोका

डोंबिवलीच्या प्रभाकर देवस्थळींना जगात दोनच प्रकारची माणसं दिसत: नीट लावणारी आणि पसारा करणारी. पहिल्या प्रकारात ते एकटेच होते. ठाण्यातल्या एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं फायली लावल्यावर माणसाची नजर तयार होते, असं ते म्हणत. तयार झालेल्या त्या नजरेला शेजाऱ्यांच्या चपला, सोसायटीची नोटीस आणि बायकोचे मसाल्याचे डबे, सगळंच गबाळं दिसायचं. हेमाताई हळद शोधायच्या आणि देवस्थळी तुच्छतेने सांगायचे, "अक्षरानुक्रमे लावलंय. ह कुठे येतो, एवढं कळायला हवं."

सर्वांत जास्त तिरस्कार त्यांनी माळ्यावरच्या एका खोक्यासाठी राखून ठेवला होता. त्यात त्यांच्या मुलाची, साकेतची, इंग्रजी चित्रकथांची एकोणपन्नास पुस्तकं होती. अंगाला चिकटलेले कपडे घालून इमारती पाडणारे महावीर. शाळेत असताना कोपरीच्या रद्दीवाल्याकडून एकेक आणून त्याने ती जमवली होती. बरं, जमवली तर जमवली, पण लावायची तरी रीत! चार वेगवेगळ्या चित्रकथा-मासिकांचे अंक एकमेकांत कालवलेले. एकाचा सतरावा, त्याखाली दुसऱ्याचा चौथा, मग पुन्हा पहिल्याचा अठरावा. पोटचा पोरगा असं करतो, याची देवस्थळींना वीस वर्षं लाज वाटत होती.

साकेत आता टिटवाळ्याच्या नव्या इमारतीत राहतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "बाबा, माझा खोका आहे ना? समृद्धी दहा वर्षांची झाली. तिच्याबरोबर पहिल्यापासून वाचायचंय. रविवारी न्यायला येतो."

देवस्थळींनी फोन ठेवला आणि ठरवलं, की नातीच्या हातात हा उकिरडा द्यायचा नाही. आजोबा काय चीज आहे, ते तिला कळायला हवं आणि तिच्या बापालाही. त्यांनी दुपारभर बसून चार मासिकांचे चार गठ्ठे केले, अंक क्रमाने लावले आणि कल्याणला भगवान बाइंडरकडे नेले.

भगवानने वरचा अंक उलटसुलट केला. "साहेब, प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा घातलाय. कडा कापल्या तर जाणार तो. पानाखाली पुढचा अंक कुठला ते छापलंय, तेपण जाणार."

"पोरखेळ आहे," देवस्थळी म्हणाले. "सतराव्या अंकावर पाच लिहिलंय. एवढी अक्कल. कापा."

भगवानने कापलं. तो धंदेवाईक माणूस, त्याला काय पडलंय.

रविवारी चार लाल रेक्झिनचे खंड टेबलावर मांडलेले होते, सोनेरी अक्षरं, सगळे एका उंचीचे. देवस्थळींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. साकेत खंडांकडे बघतच राहिला. देवस्थळींना वाटलं, पोरगा भारावला.

समृद्धीने पहिला खंड उघडला, एक अंक वाचला, दुसरा सुरू केला आणि थांबली. "आजोबा, हा निळ्या कपड्यांतला मेला कधी? आत्ता तर होता."

"पुढे वाच, कळेल."

"पुढे तर त्याचं सुतक चाललंय."

साकेतने खंड घेतला आणि पानांच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. "नंबर होते इथे, बाबा. ही एकच गोष्ट आहे, चार मासिकांत वाटलेली. एका अंकात मारामारी सुरू होते, ती दुसऱ्या मासिकात संपते. कुठल्यानंतर कुठला, हे शोधायला मला दोन वर्षं लागलेली."

"नेटवर असेल की क्रम," समृद्धी म्हणाली.

"असेल. पण मी कसा लावलेला, ते तुला दाखवायचं होतं."

मग तो वडिलांकडे वळून म्हणाला, "राहू द्या बाबा. बाइंडिंग छान झालंय." हा आवाज देवस्थळींनी ओळखला. खेटे घालून थकलेल्या अर्जदारांना ते स्वतः याच आवाजात सांगत, ठेवा, बघतो. त्या आवाजात समोरच्याला मोजायचं नसतं.

समृद्धीला मात्र अजून कोडं सुटलं नव्हतं. "आजोबा, लावायच्या आधी तुम्ही एखादं वाचून नाही बघितलंत?"

देवस्थळींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एकतीस वर्षांत फायली हजारोंनी हाताखालून गेल्या होत्या, पण असं कुणी विचारलं नव्हतं.

उत्तर हेमाताईंनी दिलं, पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता, आवाजही न चढवता. "ते वाचत नाहीत गं. ते फक्त लावतात. आम्हालासुद्धा."

पोहे खाऊन साकेत आणि समृद्धी टिटवाळ्याला निघाले. खंड टेबलावरच राहिले, आणि न्यायचे विसरलात, असं हाक मारून सांगायची देवस्थळींची हिंमत झाली नाही.