मुठीखालचा लाल ठिपका

उस्मानभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात नवरदेवाच्या फेट्यांची खोकी उतरवत होतो. यवतमाळच्या दवाखान्यातून त्यांच्या मुलीनं, नसीमनं, फोन केला होता. "काका, अब्बा गेले," एवढंच बोलली. मी फोन ठेवला आणि खोकी उतरवतच राहिलो... दुसरं काही सुचलंच नाही. त्याला आता दीड महिना झाला.

उमरखेडात माझं लग्नाच्या सामानाचं दुकान. नवरदेवाच्या हातात द्यायच्या तलवारी मी भाड्यानं देतो. उस्मानभाई त्या दुरुस्त करायचे आणि आखाड्याच्या पोरांना तलवार फिरवायला शिकवायचे. वीस वर्षं आमचा सकाळचा चहा एकत्र. माणूस तसा खवट. कोणतीही तलवार हातात आली की आधी मुठीला हिसका देणार, कान लावणार, मग तोंड वाकडं करणार. "हे भिताडावर टांगाची हाय, बापू. चमकते लय, पण पातं मुठीत गेलंच नाही. पेन्सिलीएवढी सळई डागून देल्ली अन् झालं." फिरवायच्या तलवारीला धार नसली तरी चालते, पातं मात्र मुठीत खोल गेलेलं पाहिजे, हे त्यांनी मला शंभरदा तरी ऐकवलं असेल. माझा धांदरटपणा ओळखून ते शोभेच्या प्रत्येक तलवारीला मुठीखाली लाल रंगाचा ठिपका लावत. ठिपका असला की फिरवायची नाही, असा आमचा नियम होता.

गिऱ्हाइकांना त्या ठिपक्याची कटकट. "फोटोत डाग दिसते, भाऊ," म्हणायचे. यंदा लग्नसराईत एका दुपारी मी थिनरचा बोळा घेऊन सगळे ठिपके पुसून टाकले. कोणती तलवार कशी ते आपल्याला ठाऊक आहे, म्हटलं. काय डोंबलाचं ठाऊक होतं. उस्मानभाईंना मी बोललोसुद्धा नाही, उगाच चिडतील म्हणून.

पुढे गावच्या मिरवणुकीत आखाड्याला ऐनवेळी एक तलवार कमी पडली. मी गठ्ठ्यातून काढून दिली. उस्मानभाईंनी हातात घेऊन मुठीखाली पाहिलं. ते पाहताना मी त्यांना पाहिलं. ढोलताशात हिसक्याचा आवाज काय ऐकू येणार? ठिपका नाही म्हणून त्यांनी ती फिरवायला घेतली. दुसऱ्या फेऱ्यालाच मूठ डुगडुगली असावी. समोर लहान पोरं मांडी घालून बसली होती. उस्मानभाईंनी झटकन मनगट खाली वळवलं, आणि तुटलेलं पातं त्यांच्याच पायात शिरलं.

शुगर होतीच. जखम चिघळली. पाय कापला, तरी विष अंगात पसरत गेलं. मी भेटायला गेलो तर छताकडे पाहत म्हणाले, "माही नजर गेली, बापू. ठिपका लावाचा राह्यला माह्याकडून." तेव्हाच सांगायचं होतं... भाई, तुम्ही लावला होता, मी पुसला. एवढंच बोलायचं होतं. मी मोसंबी सोलत बसलो. बरे होऊन येतील तेव्हा सांगू, म्हटलं. तो माणूस स्वतःला दोष देत गेला आणि आता त्याला काही इलाज नाही.

चाळिसावा झाल्यावर मी सांगायचंच ठरवून उस्मानभाईंच्या घरी, भाभींकडे गेलो. मी काही बोलायच्या आत त्यांनी आतून पोत्यात गुंडाळलेल्या आखाड्याच्या चार तलवारी आणून माझ्यापुढे ठेवल्या. "शेवटी म्हणत होते, माह्या नजरेचा आता भरोसा नाही. माह्या हातच्या साऱ्या तलवारी बापूले दाखवा. त्यानं हो म्हटलं तरच पोराइले द्या."

मी एकेक मूठ धरून हिसका दिला. चारही पक्क्या होत्या. तेवढं सांगितलं, चहा प्यायलो आणि घरी आलो.

भाभींना मराठी वाचता येत नाही. दर रविवारी नसीम त्यांना पेपरची ही पुरवणी वाचून दाखवते, म्हणून इथं लिहिलं. समोर बसून सांगायची हिंमत माझ्यात नाही, पुढेही येईलसं वाटत नाही. नसीम, बेटा, इथं थांबू नको, आईला हे मोठ्यानं वाचून दाखव... अब्बांचं काही चुकलं नव्हतं.