बापाच्या अंगठ्याचा डाग

वर्लिन स्टुकीची रायफल मी स्वच्छ केली. हा गुन्हा आहे हे ओहायोतल्या आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही, कारण शाळेत मी दोन वर्षं सुतारकाम शिकलो आणि लाकूड दिसलं की चमकवायचं, एवढंच विद्याधन घेऊन बाहेर पडलो.

वर्लिन माझा शेजारी. चाळीस वर्षं त्याने शाळेच्या बस दुरुस्त केल्या आणि उरलेल्या आयुष्यात महायुद्धातल्या रायफली जमवल्या. तळघरात एकोणीस आहेत. "मला थोडा गंज चढला असता, तर माझ्याकडेही पाहिलं असतं त्याने," असं त्याची बायको लव्हॉन म्हणते.

त्यातली एक जपानी, त्याच्या वडिलांनी ओकिनावाहून आणलेली. नळीच्या बुडाशी कोरलेलं, जपानी सम्राटाची खूण असलेलं शेवंतीचं फूल शाबूत. शरणागतीत जपान्यांनी सोपवलेल्या रायफलींवरचं फूल घासून टाकलेलं असायचं. त्यामुळे शाबूत फूल पाहायला रायफली जमवणारी ही मंडळी सख्ख्या मेव्हण्याचा अंत्यविधी चुकवतात. यंदा याच रायफलीवर प्रदर्शनातली पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळवायची, असं वर्लिनने ठरवलं होतं. अकरा वर्षं ती फीत गावातलाच दुसरा रायफलवेडा क्लीट हर्शबर्गर घरी नेत होता आणि वर्षभर तिच्याविषयी बोलत होता.

नेमकं त्याच सुमारास वर्लिनच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायची बंदी. मला म्हणाला, "जरा धूळ झटक." मी झटकली. मग तारेची घासणी घेतली, मग जवसाचं तेल. शनिवार मावळेपर्यंत लाकडी दस्ता नवरदेवाच्या बुटासारखा चमकायला लागला.

वर्लिनने काळा चष्मा काढून त्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"इथे माझ्या बापाच्या अंगठ्याचा काळा डाग होता."

"निघाला," मी अभिमानाने सांगितलं.

"दोनदा तळघरात पाणी भरलं, त्याला जमलं नाही. लव्हॉनच्या दरवर्षीच्या साफसफाईला जमलं नाही. तू एका शनिवारात करून दाखवलंस."

या लोकांचा एक नियम आहे. जुनी रायफल डागांसकट जशीच्या तशी हवी; नंतर कोणी ती घासली असेल, तर मालकाने ते कार्डावर लिहून समोर ठेवायचं आणि बक्षीस विसरायचं. मी सुचवलं, "कार्ड नकाच ठेवू. वडिलांनी जपली होती म्हणा."

"पोरा, ती घासणी जिभेलाही लाव."

प्रदर्शनाच्या दिवशी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये परीक्षक रायफलीवर वाकले ते उठेचनात. "काल कारखान्यातून निघाल्यासारखी आहे," म्हणाले. हातात निळी फीत. शेजारच्या टेबलावर क्लीटचा चेहरा शिळ्या पावासारखा झालेला. कार्ड होतं, पण पालथं, आणि त्यावर वर्लिनचं कोपर. ते कोपर हलेना. मी देवाला न मानणारा माणूस, पण मनात म्हटलं, राहू दे तिथेच.

मग कोपर सरकलं. वर्लिनने कार्ड उलटं केलं. 'दस्ता गेल्या आठवड्यात घासला आहे. शेजाऱ्याने. हेतू चांगला होता.'

परीक्षकांनी वाचलं, टोपी सारखी केली आणि फीत क्लीटच्या टेबलावर ठेवली.

क्लीट लगेच आला. "कशाला दाखवलंस? मलाही कळलं नव्हतं."

"तुला बायको बदलली तरी कळणार नाही."

"शेजारी मात्र गुणी आहे. दे की उसना, माझा ओटा घासायचाय."

माझी शिक्षा त्याच संध्याकाळी ठरली. रोज लव्हॉनकडे तळलेलं चिकन खायचं, हात न धुता तळघरात जायचं आणि अर्धा तास दस्ता धरून बसायचं, अंगठा बरोबर त्या जागी. सहा आठवडे झाले. काल वर्लिनने भिंग लावून पाहिलं.

"दिसतंय काही?"

"चिकनचा वास येतोय. डाग नाही."

"अजून किती दिवस?"

"बापाने चाळीस वर्षं धरली होती." त्याने भिंग खिशात ठेवलं. "उद्या लवकर ये. लव्हॉन डुकराच्या फासळ्या करतेय, त्यांना तेल जास्त सुटतं."