साडेनऊचा धूर

सेवकराम आंधळगावचा, जंगल खात्यात वनमजूर. जंगलाला आग लागू नये म्हणून सरकारनं ठेवलेला माणूस, आणि आग लावण्यात तो गावात कुणाच्या मागे नव्हता. तसा अख्खा गावच लावायचा. मोहफुलं गळायला लागली की झाडाखालचा पालापाचोळा सकाळी जाळायचा, हिरव्या डहाळीनं झोडपून विझवायचा, म्हणजे काळ्या भुईवर पिवळी फुलं वेचायला सोपी. सेवकराम आपल्या मोहाखाली तेच करायचा आणि मग खाकी सदरा चढवून दुसऱ्यांना दम द्यायला निघायचा.

१९८० च्या चैत्रात त्यानं पाला जाळला, विझवला, पण एका वाळक्या खोडात विस्तव राहिला. त्याला तो दिसला होता. कामावर उशीर होत होता. आपोआप विझेल म्हणून तो निघून गेला. त्या दिवसांत धूर चहूकडे असायचा, कुणाचा कुठला ते कोण बघतो? दुपारी आग टेकडी उतरून नाल्यात आली. तिथे भैय्यालाल गुराख्याची बायको सुंदरबाई फुलं वेचत होती. हातातल्या कड्यावरून भैय्यालालनं तिला ओळखलं.

पंचनाम्यात भैय्यालालनं आपणहून सांगितलं की बारा वाजता नाल्यावर आपण बिडी ओढली, विझवली की नाही ते आठवत नाही. सेवकराम जंगल खात्याचा, म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"बिडीनंच लागली असन," तो म्हणाला.

भैय्यालाल गुरं विकून पोरीकडे, कोंढ्याला निघून गेला. सेवकरामला मात्र जेवता जेवता धुराचा वास यायला लागला. घास टाकून बाहेर यावं, तर आभाळ स्वच्छ. बायको पंचफुला आधी विचारायची, पुढे मुकाट्यानं ताट झाकून ठेवायला लागली. नोकरी टिकली होती. सुख तेवढं गेलं होतं.

पाच वर्षांनी नागपूरहून एक साहेब उपग्रहानं काढलेली चित्रं घेऊन आले. जंगल किती उरलं ते मोजायचं होतं आणि वाट दाखवायला सेवकराम मिळाला. चित्रातले रंग वेगळेच, जंगल लाल होतं, तलाव काळे. एका चित्रावर पांढरा पट्टा होता.

साहेब म्हणाले, हा धूर. निघतो तिथे बारीक असतो, मग वाऱ्यानं पसरतो. सेवकरामनं बारीक टोक पाहिलं. ती त्याच्या मोहाची टेकडी होती. त्यानं तारीख वाचून घेतली, ती पाच वर्षांपूर्वीच्या त्याच दिवसाची होती. मग वेळ विचारली. साहेब म्हणाले, हा उपग्रह इथून सकाळी साडेनऊलाच जातो.

सेवकराम म्हणाला, "साहेब, हा धूर माह्या मोहाचा होय."

साहेब हसले. धुराखालचं जंगल दिसत नाही, हे चित्र आमच्या कामाचं नाही, हवं तर ठेव, म्हणाले. पाच वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर पडली, आणि ऐकणाऱ्याला ती कळलीच नाही.

चित्र घेऊन तो एसटीनं कोंढ्याला गेला. भैय्यालाल ओसरीत बसला होता. पोरीनं पाणी देताना सांगितलं की बाबांनी तेव्हापासून बिडी पेटवली नाही. थंडीतसुद्धा शेकोटीजवळ येत नाहीत.

सेवकरामनं पाणी तसंच ठेवलं. "भैय्यालाल, तुह्या बिडीनं नाही लागली. माह्या खोडात इस्तो होता. मले दिसला होता. हे पाय, सकाळी साडेनऊलेच धूर निघून राहिला. तुही बिडी बाराची."

भैय्यालालनं चित्र उजेडात धरलं. आता हा उठून मारेल, असं सेवकरामला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण भैय्यालाल पट्ट्याच्या टोकापासून नाल्यापर्यंत हळूहळू बोट फिरवत राहिला. हे कुठून काढलं, त्यानं विचारलं. आभाळातून, सेवकराम म्हणाला.

"साडेनऊचं होय ना?" भैय्यालाल म्हणाला. "मंग तवा सुंदर जित्ती होती. याच्यात ती कुठी हाये, तेवढं दाखव."

सेवकरामनं नाल्यावर बोट ठेवलं. ते त्याला तिथून उचलता येईना.