मिरच्या सोलायची वेळ

आमच्या शिकागोच्या घरामागच्या गल्लीत दर सप्टेंबरात लाल ढोबळी मिरची भाजल्याचा वास सुटतो. मला वांग्याचं भरीत आठवतं आणि मी खाली जाते. खालच्या मजल्यावरचे काका ग्रिलपाशी उभे असतात. वर्षभराची चटणी करतात. तुम्ही कुठले, असं विचारलं की म्हणतात, “युगोस्लाव्हियाचा.” तो देश आता आहे कुठे, म्हटलं की मिरच्या उलटत बसतात.

चटणी न्यायला त्यांचे दोन जुने मित्र येतात. तिघंही एकेकाळी तिकडे एकाच कारखान्यात होते. मग देश फुटला, युद्ध झालं. आता एक सर्बियाचा, दुसरा क्रोएशियाचा, आणि दोघं एकमेकांचं तोंडही बघत नाहीत. म्हणून काका एकाला सकाळी बोलावतात, दुसऱ्याला संध्याकाळी.

यंदा दोघं एकदमच आले. मी जिन्यातच थांबले. काकांनी भाजलेल्या मिरच्यांचं पातेलं दोघांच्या मधे ठेवलं. त्या गरम असतानाच सोलाव्या लागतात, गार झाल्या की साल सुटत नाही. दोघं बसले. बोटं पोळत होती, पण उठलं कोणी नाही. एकाने पाण्याचा वाडगा दुसऱ्याकडे सरकवला, तेही न बघता.

ते गेल्यावर मी विचारलं, “काका, टाइम देताना चुकलात का?”

“जाताना दोघांनीही मला बाजूला घेऊन विचारलं, पुढच्या वर्षी तो येणार आहे का?”

“मग?”

“दोघांनाही नाही म्हटलं,” काका निखारे विझवत म्हणाले, “आणि दोघांनाही सकाळी दहाला बोलावलं.”