घुले सरांनी गोळा केलेला गोंगाट

घुले सर गेल्याची बातमी आमच्या क्लासच्या ग्रुपवर आली, तीही त्यांच्याच ऑडिओच्या खाली. आदल्या संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे ऐकण्याचा नवा पाठ पाठवला होता. एक बाई दवाखान्यात फोन करून डॉक्टरांची वेळ मागते आहे आणि तिच्या मागे स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या देतो आहे, असा. त्याखाली सकाळी त्यांच्याच फोनवरून पुतण्याने दोन ओळी लिहिल्या होत्या. पहाटे छातीत दुखायला लागलं, मांजरीहून हडपसरला नेईपर्यंत सगळं संपलं. आणि त्याखाली, वरचं काही न वाचता, एका मुलीने विचारलं होतं, ‘सर, चौथ्याचं उत्तर काय?’ ...त्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. उत्तर मला माहीत होतं. पण ते देण्याची ती वेळ नव्हती आणि नंतर ती वेळ कधी आलीच नाही.

आता दोनेक महिने होत आले. अशा वेळी गेलेल्या माणसाला देव करण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती मला जमत नाही. घुले सरांनाही आवडली नसती. गुलटेकडीला एका धान्याच्या गोदामावर आमचा इंग्रजीचा क्लास आहे. व्याकरण आणि लेखन माझ्याकडे, ऐकणं आणि बोलणं त्यांच्याकडे. वर्गात मार्केट यार्डातल्या अडत्यांच्या मुली, नर्सिंग करणारी मुलं, हडपसरच्या कंपन्यांत नोकरी शोधायला विदर्भातून आलेली पोरं. या सगळ्यांना इंग्रजी वाचता यायचं, थोडंफार लिहिताही यायचं. समोरचा बोलायला लागला की मात्र पाटी कोरी. त्यावर उपाय म्हणून आमच्याकडे जुन्या सीडी होत्या. त्यांत एक गोरं जोडपं कायम वाचनालयाचा रस्ता विचारत असे. घुले सर म्हणायचे, “मॅडम, आपल्या मुलांना आयुष्यात कोणी वाचनालयाचा रस्ता विचारणार नाही. मग आपण तोच का ऐकवतो त्यांना?”

एआयची साधनं आली तेव्हा पन्नाशी ओलांडलेला हा माणूस त्यांत असा शिरला, की आम्हाला वाटलं आता वर्गात यायचंही विसरणार. संवाद लिहायचा, कोणता आवाज बाईचा, कोणता पुरुषाचा ते सांगायचं, की चहा गार होण्याआधी ऑडिओ तयार. पहिला पाठ त्यांनी मोठ्या हौसेने मार्केट यार्डावर केला. संवादही यंत्राकडूनच लिहून घेतला. त्यात कांद्याचा व्यापारी गिऱ्हाइकाला म्हणतो, आपली सेवा करण्याची संधी दिल्याबद्दल मी आपला आभारी आहे; आणि गिऱ्हाईक म्हणतं, कृपया सावकाश तोला, मला मुळीच घाई नाही. पहिल्या बाकावरची अडत्याची मुलगी हसून हसून बाकावर आडवी झाली. “सर, हे यार्ड कुठलंय? आमच्या पप्पांना तिथे गाळा घ्यायचाय.” घुले सर वर्गाबरोबर हसले आणि दुसऱ्या दिवसापासून संवाद स्वतः लिहू लागले. हडपसर, भवानी पेठ ही नावं यंत्राला नीट म्हणता यावीत म्हणून ती कशीकशी वेडीवाकडी लिहावी लागतात, यावर ते तासभर बोलू शकत. मी तासभर ऐकू शकत नसे.

पाठ उत्तम होऊ लागले. मुलांना सगळं कळू लागलं, चाचण्यांत मार्क चढले, मी खूश होते. आणि मग रूपाली परत आली. रूपाली आमची हुशार मुलगी, एका मोठ्या दवाखान्याच्या फोनवर तिला नोकरी लागली होती आणि आम्ही पेढेही खाल्ले होते. पंधरवड्यातच ती वर्गाच्या दारात उभी. तिला काढलं नव्हतं, पण महिनाअखेरीपर्यंत सुधारणा दाखवा असं सांगितलं होतं. “सर, क्लासमध्ये सगळं कळतं हो. तिथे माणसं गाडी चालवता चालवता बोलतात. खोकतात. मध्येच घरच्यांशी बोलतात, परत माझ्याशी बोलतात. एकजण तर रडत होता... मी त्याला तीनदा सॉरी, प्लीज रिपीट म्हटलं.” मी घुले सरांकडे पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. ती गेल्यावर म्हणाले, “आपण यांना पोहायला शिकवलं मॅडम, पण बादलीत.”

तेव्हापासून त्यांनी गोंगाट गोळा करायला सुरुवात केली. यंत्राचे आवाज खोकत नाहीत, एकमेकांचं बोलणं तोडत नाहीत, त्यांच्या घरी कुकर नसतो. मग हे सगळं आपणच घालायचं. सकाळी मंडईत, येताना बसमध्ये, मांजरीच्या रेल्वे फाटकावर, लग्नाच्या कार्यालयात पंगत बसताना, जिथे जातील तिथे ते आवाज टिपत. फोन हातात धरला की माणसं शुद्ध बोलायला लागतात, म्हणून तो सदऱ्याच्या खिशात टाकायचा आणि आपण आपली भाजी घ्यायची, अशी त्यांची रीत होती. मग कॉम्प्युटरवर दोन इंग्रजी आवाजांच्या खाली तो गोंगाट पसरायचा. किती खाली, यावर आमची भांडणं झाली. मी म्हणायचे, “अहो, मुलांनी पैसे ऐकण्यासाठी भरलेत, कानठळ्यांसाठी नाही.” ते म्हणायचे, “अजून थोडा वाढवतो.” मुलं कुरकुरायची, सर काही ऐकू येत नाही. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, “नाही ना येत? मग आज शिकायला काहीतरी आहे.” रूपाली त्या महिन्यात रोज संध्याकाळी येऊन मंडईतला गोंगाट ऐकत बसायची. तिची नोकरी टिकली. आज ती तिथे नव्या मुलींना शिकवते.

एवढ्या आवाजांत त्यांनी स्वतःचा आवाज मात्र कधी घातला नाही. मी सुचवलं होतं. “माझा मुलांना रोजच ऐकावा लागतो, ऑडिओत तरी सुटका असू दे,” असं म्हणून त्यांनी टाळलं. खरं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, चहा पिताना, अगदी दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. मांजरीच्या उसातून हा मुलगा शहरातल्या कॉलेजात आला तेव्हा पहिल्याच वर्षी तिथल्या सरांनी उभं करून धडा वाचायला लावला. वर्ग हसला. ते सरही हसले. इंग्रजीलाच नव्हे, मधे ‘सर, हितनं वाचू का?’ असं विचारलं त्यालाही. त्यानंतर घुले सरांनी आपली जीभ नव्याने घडवली. ळ आणि ण जागच्या जागी, क्रियापदं धुतल्यासारखी. माझ्याशी ते इतकं नेटकं मराठी बोलत, की सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या मला कधीकधी आपलंच बोलणं गावंढळ वाटायचं. या गोष्टीत रडण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं. मला वाटत होतं.

तेराव्याला मांजरीला गेले होते. उसाचं रान मागे सरकलंय, समोर उंच इमारती आल्यात, पण घर जुन्या जागीच आहे. सरांच्या पत्नी, सुमनवहिनी, शांत होत्या. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मॅडम, यांचा आवाज आसंल ना तुमच्याकडं? आमच्या फोनमधी फोटू लई हायेत. व्हिडिओ सगळे ह्यांनीच काढलेले, मग हे कशात दिसत्याल आन् कशात बोलत्याल? तुमच्याकडं तर एवढ्या ऑडिओ केल्या त्यांनी.” मी म्हटलं, “असेल की. नक्की असेल.” हे बोलताना मला जराही शंका नव्हती. गावभर लग्नं लावणाऱ्या भटजीच्या घरी अक्षता नाहीत, असं कधी होतं का?

होतं. मी सगळे पाठ ऐकले. दवाखाना, बँक, कुरिअर, भाड्याची खोली. सगळीकडे ती यंत्राची बाई आणि तो यंत्राचा पुरुष, ज्यांना आईवडील नाहीत, गाव नाही आणि सर्दी होत नाही. सरांनी मला कधी ध्वनिसंदेशही पाठवला नव्हता. ते टाइप करत, तेही पूर्णविरामासकट. मधल्या काळात त्यांच्या जागी आलेल्या प्राजक्ताने मुलांच्या तक्रारी ऐकून पाठ ‘स्वच्छ’ करायला घेतले होते. मुलगी कामसू आहे, तिची चूक नाही. “मॅडम, खालचा नॉइजचा थर वेगळाच ठेवलाय सरांनी, सिलेक्ट केला की डिलीट. किती क्लिअर होतं बघा ना!” निम्मे पाठ तिने झाडून पुसून ठेवलेही होते. मी तिला थांबायला सांगितलं. का, ते मलाही सांगता आलं नसतं. वहिनींना आवाज देता येत नाही, तर सर काम कसं करत ते तरी दाखवू, एवढाच विचार होता. उरलेले पाठ थरांसकट मी लॅपटॉपवर घेतले, खालचे थर एकदा ऐकलेही. माणसं, भाज्या, हॉर्न. त्यात मला काही सापडलं नाही.

मांजरीला वहिनींच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला आणि आधीच सांगून टाकलं, “वहिनी, आवाज मिळाला नाही. माफ करा.” त्या नुसतं ‘हं’ म्हणाल्या. मग मी दाखवायला लागले, हा वरचा थर बाईचा, हा पुरुषाचा, हे दोन्ही बंद केले की खाली राहतो तो हा गोंगाट. मंडई सुरू झाली. टोपल्या आपटल्या, कोणी कोणाला हाक मारली, एक माणूस शेपू मागत होता. “शेपू ताजा हाय का गं मावशे? आन् कवळा दे, मागल्या टायमाला नुसत्या काड्या दिल्या व्हत्यास.” मी पुढे सरकवायला बोट नेलं तर वहिनींनी माझा हात धरला.

“थांबा. हे आमचे.”

मी परत ऐकलं. मोकळा, चढा, जरा भांडकुदळ आवाज. मावशी म्हणाली, बायको करून घालंल का शेपू? तो माणूस म्हणाला, “घालंल की. तोंड वाकडं करंल, पर घालंल.” वहिनी हसल्या. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मग बराच वेळ त्या हसत नव्हत्या. मी ओळखीची खूण शोधत होते, ती मला तेव्हाही नीट सापडली नाही. ज्या माणसाशेजारी मी इतकी वर्षं बसले, तो घरी, बाजारात, जिथे त्याला कोणी हसत नव्हतं तिथे, असा बोलत होता. माझ्याशी एकदाही तसा बोलला नाही. याचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

वहिनींच्या फोनमध्ये तो तुकडा घालून दिला. प्राजक्ताला सांगितलं, उरलेल्या पाठांना हात लावायचा नाही. तिने मान डोलावली. वेडी झाली बाई, असंही मनात म्हणाली असेल. तो मंडईचा पाठ परवा मी स्वतः वर्गात लावला. इंग्रजी बोलणं संपलं, मुलांनी पेनं खाली ठेवली, प्राजक्ताचा हात बटणाकडे गेला. मी तिला मानेने नको म्हटलं. संवाद संपल्यावरही खालचा थर थोडा पुढे जातो, तो सरांनी कापलेला नव्हता. टोपल्या, हॉर्न, सुट्ट्या पैशांची किणकिण... आणि मग तो, माझ्या ओळखीचा नसलेला आवाज, पिशवी उचलत असावा, मावशीला म्हणाला,

“बरं, येतो मावशे.”