फुलमतीचे ओठ

दोन भाषा फाडफाड बोलणारा आमच्या शाळेत मी एकटाच. वाचता मात्र एकही येत नाही, म्हणून खिचडी शिजवतो.

नवी पोरगी फुलमती, घरी फक्त कोरकू बोलणारी, वर्गात तोंडच उघडेना. बाईंनी मला तिच्या शेजारी बसवलं. दारात तिचा बाप उभा. "आजही नाही बोलली तर वीटभट्टीवर नेतो."

बाईंनी विचारलं, "घरी कोण कोण आहे गं?" मी ते कोरकूत सांगितलं. आधण यायच्या आधी पाणी थरथरतं, तसे तिचे ओठ हलले. शब्दालाही शिजायला वेळ लागत असेल का? चुलीपाशी मी निवांत वाट बघतो, इथं माझाच धीर सुटला. "आई, बाप, बकरी," मीच बोलून टाकलं. बापानं चप्पल पायात सरकवली.

फुलमती माझ्यावर फणकारली, तेही मराठीत, "तू गप ना, मामा! बाई मला विचारते."